‘डेल्टा किंग’: बुडालेल्या आगबोटीचं तरंगतं रेस्टॉरंट कसं झालं

या नोंदीत बोटीचं नाव तसंच ठेवलं आहे, कारण तिचा इतिहास जाहीर आहे आणि बोट आजही सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभी आहे. तिचे एकामागून एक झालेले मालक, कंत्राटदार आणि अधिकारी यांची नावं मात्र वगळली आहेत. निर्णय कोणते होते, ते कोणत्या परिस्थितीत घ्यावे लागले आणि त्यातून काय निघालं, एवढंच इथे पाहायचं आहे.

पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो नदी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराला मिळण्याआधी खाड्या आणि बेटांच्या मोठ्या जाळ्यात पसरते. या त्रिभुज प्रदेशातून राजधानी सॅक्रामेंटो आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या दरम्यान आगबोटी धावायच्या. 1920 च्या दशकात तिथल्या एका वाहतूक कंपनीने या मार्गासाठी दोन जुळ्या बोटी बांधायला घेतल्या: ‘डेल्टा किंग’ आणि ‘डेल्टा क्वीन’. त्यांच्या पोलादी तळाचे भाग स्कॉटलंडमध्ये डम्बार्टनच्या डेनी कंपनीच्या गोदीत तयार झाले, सुटे करून जहाजाने आणले गेले आणि कॅलिफोर्नियातल्याच स्टॉकटनला जोडले गेले. बोट पुढे ढकलणाऱ्या पाठीमागच्या मोठ्या चाकाचा दांडा जर्मनीत क्रुपच्या कारखान्यात घडवला होता. वरचे मजले मात्र लाकडाचे. हे लाकूड ध्यानात ठेवा, पुढे त्यावरच बरंच काही अडणार आहे.

20 मे 1927 रोजी स्टॉकटनला दोन्ही बोटींचं नामकरण झालं. दुसऱ्याच दिवशी, 21 मे रोजी, याच जलमार्गावरच्या कार्किनेझ सामुद्रधुनीवर मोटारींसाठीचा पूल खुला झाला. या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत बोलका वाटणारा तपशील हाच. बारसं झालं आणि दुसऱ्या दिवशी हाडवैरी शेजारी राहायला आला. नव्या कोऱ्या बोटी पुढे तेरा वर्षं त्या पुलाखालून ये-जा करत राहिल्या.

ती तेरा वर्षं थाटाची होती. संध्याकाळी एक बोट सॅक्रामेंटोहून आणि दुसरी सॅन फ्रान्सिस्कोहून सुटायची, रात्री वाटेत एकमेकींना ओलांडायच्या आणि पहाटे मुक्कामाला पोहोचायच्या. प्रवासी झोपून उठला की पलीकडच्या शहरात. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती, ती 1933 पर्यंत टिकली. पण या बोटींवर दारू मिळायची, जाझचा बँड वाजायचा, जुगार चालायचा आणि जेवण नावाजलेलं असायचं. म्हणजे रेस्टॉरंट ही ‘किंग’वर म्हातारपणी चढवलेली झूल नाही. ती पहिल्या दिवसापासून माणसांना रात्रीचं जेवण वाढत आली होती. पुढे तिचं जे झालं ते याच कारणाने मनाला पटतं. तुरुंगाचं हॉटेल होतं, गिरणीचा मॉल होतो, तसं हे रूपांतर नव्हतं.

1936 मध्ये बे ब्रिज आणि 1937 मध्ये गोल्डन गेट ब्रिज सुरू झाल्यावर मोटारींचा रस्ता थेट सॅन फ्रान्सिस्कोत शिरला. रात्रभराच्या प्रवासाला गिऱ्हाईक उरलं नाही आणि 1940 च्या सप्टेंबरमध्ये सेवा बंद झाली. मग युद्ध आलं. नौदलाने दोन्ही बोटी घेतल्या, त्यांना करडा रंग फासला आणि उपसागरात सैनिकांच्या राहण्यासाठी, ने-आणीसाठी वापरल्या.

युद्धानंतर जुळ्यांची ताटातूट झाली. ‘क्वीन’ 1946 मध्ये 46,250 डॉलरला विकली गेली. नव्या मालकाने ती 1947 मध्ये पनामा कालव्यातून मिसिसिपी नदीवर नेली आणि ती तिथे 2008 पर्यंत प्रवासी घेऊन धावत राहिली. ‘किंग’च्या वाट्याला वेगळं आलं. तिची यंत्रसामग्री काढण्यात आली आणि तिचे भाग ‘क्वीन’ला सुटे भाग म्हणून उपयोगी पडले. एका बहिणीचं काळीज दुसरीला दिलं, असं म्हणण्याचा मोह होतो, आणि वस्तुस्थितीही त्याहून फार लांब नाही. 1952 मध्ये यंत्राविना उरलेली ‘किंग’ कॅनडात, ब्रिटिश कोलंबियातल्या किटिमाट इथे ओढत नेली गेली. तिथे अॅल्युमिनियमचा मोठा कारखाना उभा राहत होता आणि कामगारांना राहायला जागा नव्हती. जाझ वाजलेल्या खोल्यांत कामगारांच्या खाटा पडल्या. 1959 मध्ये ती कॅलिफोर्नियाला परत आली.

अडचण

1959 पासून 1984 पर्यंतची पंचवीस वर्षं म्हणजे या प्रकरणाचा गाभा, आणि त्या काळात बोटीवर जवळजवळ काहीच घडलं नाही हीच अडचण. मालकीचे वाद झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. बोट स्टॉकटनहून सॅक्रामेंटोला, तिथून आणखी कुठे अशी फिरत राहिली. रेस्टॉरंट करू, संग्रहालय करू, अशा योजना निघाल्या आणि विरल्या. 1978 मध्ये तिचं नाव ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत लागलं. मान मिळाला, पण त्या मानाने तळातलं पाणी उपसलं जात नाही. 1981 मध्ये उपसागरावरच्या रिचमंड इथे बांधलेली असतानाच ती अर्धवट बुडाली आणि वर्षाहून अधिक काळ तशीच पाण्यात पडून राहिली.

बांधून ठेवलेली बोट बुडते कशी, हे समजल्याशिवाय पुढचे निर्णय कळत नाहीत. चालती बोट सुरक्षित असते, कारण तिच्यावर माणसं असतात. कोणी ना कोणी रोज तळघरात डोकावतो, पंप चालू आहे का ते ऐकतो, भिंतीला हात लावून ओल पाहतो. यंत्र काढलं की यंत्रावरची माणसं जातात. त्यांच्याबरोबर वाफ जाते, वीज जाते, पंप जातात. पोलादी तळ मात्र आपलं काम करतच असतो: गंजत राहतो. पाण्याच्या रेषेजवळ, जिथे पत्रा आलटून पालटून ओला-कोरडा होतो, तिथे गंज सर्वांत जास्त खातो. आतून तळाशी साचलेल्या घाण पाण्यात तो कोणाला दिसत नाही. खारं पाणी हा वेग आणखी वाढवतं, आणि रिचमंडचं पाणी उपसागराचं, खारं.

मग एखाद्या जुन्या नळाची झडप कुजते. पाणी थोडं आत येतं, बोट दोन इंच खाली बसते आणि त्या दोन इंचांमुळे आजवर पाण्याबाहेर असलेलं एखादं भोक पाण्याखाली जातं. आता दोन वाटांनी पाणी. आत आलेलं पाणी मोकळं असतं. बोट किंचित कलली की सगळं त्याच बाजूला धावतं आणि कल वाढवतं. परातीत पाणी घेऊन चालताना हात जरा तिरपा झाला की काय होतं ते कोणीही अनुभवलेलं असेल. तेच इथे शेकडो टनांनी होतं. वादळ लागत नाही, टक्कर लागत नाही. फक्त कोणी न डोकावलेल्या काही रात्री लागतात.

1982 मध्ये बोट वर काढण्यात आली. इथे पहिला खरा निर्णय झाला होता असं मी मानतो, कारण अशा वेळी भंगारात काढणं हाच सोपा रस्ता असतो. भोकं बुजवायची, आतले कप्पे एकेक करून वेगळे करायचे आणि पाणी अशा क्रमाने उपसायचं की वर येता येता बोट कुशीवर पडणार नाही. मोकळ्या पाण्याचा तोच त्रास उलट्या दिशेनेही होतो. एवढं करून हाती काय लागलं? चिखलाने माखलेला सांगाडा, फुगलेलं लाकूड, यंत्र नाही, आणि एक नामवंत इतिहास.

समोरचे पर्याय

1984 मध्ये एका कुटुंबाने ही बोट घेतली. त्यांनी आपसात काय चर्चा केली ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण त्या जागी उभं राहून पाहिलं तर वाटा चार होत्या.

पहिली, भंगार. पोलादाचे पैसे येतात, जबाबदारी संपते. नोंदवहीतल्या नावामुळे हे करताना टीका झाली असती, पण अमेरिकेत त्या नोंदवहीत नाव असणं खासगी मालकाला बोट मोडण्यापासून सहसा अडवत नाही. हा समज बऱ्याच जणांचा चुकीचा असतो: वारसा यादीत नाव आलं म्हणजे वास्तू वाचली असं नव्हे.

दुसरी, पुन्हा चालवणं. मनाला सर्वांत भुरळ घालणारी वाट हीच. चाक फिरतंय, शिट्टी वाजतेय, बोट सॅन फ्रान्सिस्कोकडे निघाली आहे. पण यंत्र नव्हतं, आणि यंत्र आणलं असतं तरी कायदा आडवा येत होता. नोव्हेंबर 1965 मध्ये ‘यार्माउथ कॅसल’ या प्रवासी जहाजाला समुद्रात आग लागून मोठी जीवितहानी झाली. त्यानंतर 1966 मध्ये अमेरिकेने सागरी सुरक्षेचा कायदा कडक केला. वरचे मजले लाकडी असतील तर 50 किंवा त्याहून जास्त प्रवाशांना रात्रभर घेऊन जाता येणार नाही, असा त्याचा परिणाम. कायदा समुद्रासाठी होता, पण लाकडी मजल्यांच्या नदीबोटीही त्यात सापडल्या. ‘क्वीन’ त्यातून वाचली ती संसदेने वेळोवेळी दिलेल्या खास सवलतीमुळे. एका बोटीसाठी वॉशिंग्टनला पुन्हा पुन्हा दार ठोठवावं लागलं. ‘क्वीन’कडे निदान चालू सेवा होती, प्रवासी होते, चाहत्यांची पत्रं होती. बुडून वर आलेल्या ‘किंग’साठी कोण दार ठोठावणार?

तिसरी वाट, बोट पाण्याबाहेर काढून जमिनीवर बसवणं. तळाची काळजी कायमची मिटते. पण 285 फुटी सांगाडा पाण्याने सगळीकडून सारखा तोललेला असतो. जमिनीवर त्याला ठिकठिकाणी आधार द्यावा लागतो, नाहीतर तो मधेच वाकतो. शिवाय जमिनीवरची बोट म्हणजे बोटीच्या आकाराची इमारत. खिडकीतून नदी दिसेल, पण पायाखाली ती हलणार नाही. जेवायला येणारा माणूस त्या हलण्याचेच थोडे पैसे देत असतो.

चौथी वाट म्हणजे कायमची बांधलेली तरंगती वास्तू: हॉटेल आणि रेस्टॉरंट. प्रवाशांचं जहाज नाही म्हणून 1966 च्या कायद्यातून सुटका, यंत्राची गरज नाही, आणि कमाई रोजची. पण या वाटेवरचे काटे बाहेरून दिसत नाहीत. बोट कायमची बांधली की ती धड जहाज राहत नाही आणि धड इमारतही होत नाही. तटरक्षक दल म्हणतं, ही आता प्रवास करत नाही, स्थानिक यंत्रणेने पाहावं. स्थानिक अग्निशमन अधिकारी जिने, दारं, पाण्याचे फवारे तपासतो. पण तळाचा पत्रा किती जाड उरलाय, दोर किती ताण सोसतील, हे पाहण्याचं त्याचं शिक्षण नसतं. तरंगतं बांधकाम ‘जहाज’ केव्हा मानायचं हा वाद पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2013 मध्ये एका तरंगत्या घराच्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की समंजस माणसाने ते पाहिल्यावर ते माणसं-माल वाहून नेण्यासाठी बनवलंय असं त्याला वाटलं पाहिजे. म्हणजे केवळ तरंगतं म्हणून ते जहाज नाही.

काय केलं

चौथी वाट धरली गेली. आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय त्याबरोबरच झाला: जागेचा. बोट रिचमंडला दुरुस्त करून तिथेच ठेवता आली असती. ती ओढत सॅक्रामेंटोला, जुन्या नदीकाठच्या वस्तीत आणण्यात आली.

या वस्तीची गोष्ट बोटीसारखीच आहे. सोन्याच्या शोधाच्या काळात उभी राहिलेली बाजारपेठ पुढे ओस पडली, मोडकळीला आली, आणि 1960 च्या दशकापासून तिची डागडुजी सुरू झाली. 1965 मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक महत्त्वाचं स्थळ घोषित केलं गेलं. 1981 मध्ये तिथे कॅलिफोर्नियाचं मोठं रेल्वे संग्रहालय खुलं झालं. बोट रिचमंडला बुडाली त्याच वर्षी तिचं पुढचं गिऱ्हाईक सॅक्रामेंटोच्या काठावर जमायला लागलं होतं. तरंगतं रेस्टॉरंट एकट्याच्या बळावर लोकांना काठापर्यंत खेचून आणतं असा भ्रम अनेकांना असतो. पहिल्या वर्षी येतात, कारण बोट पाहायची असते. दुसऱ्या वर्षापासून ते तेव्हाच येतात जेव्हा आसपास फिरायला आणखी चार कारणं असतात.

दुसरा फायदा पाण्याचा. सॅक्रामेंटोचं पाणी गोडं. गोड्या पाण्यातही पोलाद गंजतं, पण उपसागराच्या खाऱ्या पाण्यापेक्षा सावकाश. हे एक कारण पुरेसं नाही, पण तळाच्या आयुष्यात वर्षांची भर घालणारं आहे.

तोटाही होता. ही नदी पुराची. बोटीचं काम चालू असतानाच, फेब्रुवारी 1986 मध्ये, सॅक्रामेंटोने गेल्या शतकातल्या मोठ्या पुरांपैकी एक पाहिला. 1997 च्या जानेवारीत पुन्हा मोठा पूर आला. चालती बोट पुरात नांगर टाकून किंवा आडोशाला जाऊन बसते. बांधलेल्या बोटीला जायला जागा नाही. तिला पाण्याबरोबर सरळ वर उठता आलं पाहिजे आणि सरळ खाली येता आलं पाहिजे. म्हणून अशा ठिकाणी बोट काठाला आखूड दोरांनी जखडत नाहीत. खोल रोवलेल्या खांबांना ती वर-खाली सरकेल अशी धरली जाते, माणसांचा पूल बिजागरीवर असतो, आणि पाणी, सांडपाणी, वीज यांच्या जोडण्या लवचिक आणि हव्या तेवढ्या लांबीच्या ठेवाव्या लागतात. जोडणी आखूड पडली तर पुराच्या रात्री नळ तुटतो, आणि तोही आतल्या बाजूने तुटला तर पाणी कुठे जातं ते वर सांगितलंच आहे.

दुरुस्तीला पाच वर्षं लागली. एवढी का, असा प्रश्न पडतो. लाकूडकाम, रंग, पितळी दांडे हे दिसणारं काम. खरी वर्षं न दिसणाऱ्या कामात जातात. पत्र्याची जाडी ध्वनिलहरींच्या उपकरणाने फूट-फूट मोजायची, पातळ झालेले तुकडे कापून नवे जोडायचे, कप्पे पुन्हा पाणबंद करायचे. रेस्टॉरंटचं वजन मूळ बोटीच्या हिशोबात नसतं: आजच्या स्वयंपाकघराच्या भट्ट्या, शीतपेट्या, धूर ओढणारी यंत्रं, पाण्याच्या टाक्या. हे सगळं वरच्या मजल्यावर चढवलं तर बोटीचा तोल वर सरकतो आणि ती डुलकी जास्त घेते. आतषबाजी किंवा सूर्यास्त पाहायला सगळे पाहुणे एकाच कठड्याला धावले तर काय, याचंही गणित मांडावं लागतं. यंत्र आणि बॉयलर काढून टाकलेल्या बोटीत हे गणित आणखी नाजूक असतं, कारण तळाशी असलेलं मूळ वजनच गेलेलं असतं.

विजेचं प्रकरण तर हमखास विसरलं जातं. काठावरून वीज घेतली की काठावरची आणि बोटीवरची अर्थिंग जोडली जाते. ती नीट वेगळी केली नाही तर भटका प्रवाह पोलादी तळातून पाण्यात उतरतो आणि पत्र्याला झपाट्याने खातो. दहा वर्षांत होणारा गंज काही महिन्यांत होऊ शकतो. त्यासाठी जोडणीवर खास रोधक लावतात आणि तळाला दुसऱ्या धातूचे ठोकळे बसवतात, जे पोलादाऐवजी स्वतः झिजतात. खाऱ्या पाण्यात जस्ताचे चालतात; गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे लागतात. खाऱ्यातून गोड्यात आणलेल्या बोटीचे जुने ठोकळे तसेच ठेवले तर ते नुसते शोभेला उरतात.

निष्पत्ती

20 मे 1989 रोजी, नामकरणाला बरोबर 62 वर्षं झाली त्या दिवशी, ‘डेल्टा किंग’ पुन्हा उघडली. 44 खोल्यांचं हॉटेल, ‘पायलटहाउस’ नावाचं रेस्टॉरंट, बार आणि नाट्यगृह. ती आजही चालू आहे. प्रवासी बोट म्हणून ती तेरा वर्षं चालली. बांधलेली वास्तू म्हणून तिने त्याच्या दुपटीहून जास्त वर्षं काढली आहेत.

हे यश किती दुर्मीळ आहे ते तिच्या समकालीन बोटींकडे पाहिल्यावर कळतं. सेंट लुइसची ‘अॅडमिरल’ ही अशीच सांगण्यासारखी. 1907 च्या एका फेरीबोटीच्या सांगाड्यावर 1940 मध्ये चकचकीत पोलादी सहलबोट उभी राहिली, तिच्यावर हजारो माणसं मावायची. 1979 मध्ये तटरक्षक दलाने तिचा तळ नापास केला. यंत्रं काढून ती बांधून ठेवली गेली. 1987 मध्ये मनोरंजन केंद्र म्हणून उघडली, ते चाललं नाही. 1994 पासून कॅसिनो झाला. 4 एप्रिल 1998 च्या संध्याकाळी मिसिसिपीला पूर होता. ‘अॅन हॉली’ नावाच्या टगबरोबरचे (टग म्हणजे दुसऱ्या बोटींना नेणारी ताकदवान बोट) बार्ज, म्हणजे यंत्राविना चालणारे सपाट मालवाहू तराफे, पुलाच्या खांबाला धडकून सुटले आणि त्यातले तीन ‘अॅडमिरल’वर येऊन आदळले. तेव्हा तिच्यावर सुमारे 2,000 माणसं होती. दहापैकी आठ दोर तुटले आणि बोट काठापासून फिरू लागली. ‘अॅन हॉली’च्या कप्तानाने उरलेले बार्ज सोडून दिले आणि आपल्या टगचं नाक ‘अॅडमिरल’ला टेकवून तिला काठाशी दाबून धरलं. तेवढ्यात आणखी एक दोर गेला. शेवटी एकच तार उरली होती. कोणाचा जीव गेला नाही. यंत्र नसलेल्या, स्वतःहून कुठेही जाऊ न शकणाऱ्या बोटीवर दोन हजार माणसं होती आणि त्यांचा जीव दुसऱ्याच्या कप्तानाच्या प्रसंगावधानावर तरला. ‘अॅडमिरल’ 2010 मध्ये बंद झाली आणि 2011 मध्ये भंगारात गेली.

ओहायोतल्या मॅरिएटाला रेस्टॉरंट आणि नाट्यगृह म्हणून वर्षानुवर्षं लोकांचं प्रेम मिळवलेली ‘बेकी थॅचर’ पुढे पिट्सबर्गजवळ नेण्यात आली आणि 2010 च्या फेब्रुवारीत, मोठ्या हिमवर्षावानंतर, बांधलेल्या जागीच बुडाली. हाँगकाँगचं ‘जंबो’ नदीचं नव्हे, बंदरातलं. पण कारणं ओळखीची. 1976 पासून चाललेलं हे भव्य तरंगतं रेस्टॉरंट 2020 मध्ये बंद पडलं, जून 2022 मध्ये ते ओढून नेत असताना दक्षिण चीन समुद्रात उलटलं. जे बांधकाम एका शांत जागी उभं राहण्यासाठी केलेलं असतं, त्याला त्याच्या आयुष्यातला सर्वांत खडतर प्रवास अगदी शेवटी करायला लागतो.

वेगळं काय करता आलं असतं

युद्धानंतर यंत्र काढण्याचा निर्णय त्या क्षणी चुकीचा म्हणता येत नाही. बोटीला मार्ग नव्हता आणि बहिणीला सुटे भाग हवे होते. पण बॉयलर आणि यंत्र जागेवर, न चालणाऱ्या स्थितीत जरी ठेवलं असतं तरी तळाचं वजन राहिलं असतं आणि आज जेवायला येणाऱ्यांना त्या चाकामागची ताकद प्रत्यक्ष पाहता आली असती. जी वस्तू पुन्हा कधीच बनवली जाणार नाही ती काढताना तिच्या बाजारभावाखेरीज दुसरंही काही मोजायला हवं, असं मला तीव्रपणे वाटतं.

दुसरी गोष्ट 1959 ते 1981 ची. मालकीचा वाद कोर्टात असेल तर कोर्टाकडूनच एक राखणदार मागून घेता येतो, ज्याचा खर्च शेवटी जिंकणाऱ्याने द्यायचा. आठवड्यातून दोनदा कोणी तळात उतरून पाणी पाहिलं असतं, पंपाला वीज दिली असती, पाण्याखालच्या जुन्या झडपा पोलादी पट्ट्या वेल्डिंगने जोडून कायमच्या बंद केल्या असत्या, तर बहुधा 1981 टळलं असतं. हा खर्च बुडालेली बोट वर काढण्याच्या खर्चापुढे नगण्य आहे. पण वादात कोणीच स्वतःला मालक समजत नाही. प्रत्येक जण स्वतःला हक्कदार समजतो. राखण मालक करतो.

तिसरी गोष्ट आज अशी बोट घेऊ पाहणाऱ्यांसाठी, आणि ती पैशांची आहे. रेस्टॉरंटचा हिशोब महिन्याचा असतो, तळाचा हिशोब वर्षानुवर्षांचा. पत्र्याची तपासणी पाणबुड्याकडून करून घेता येते, पण कधीतरी बोट सुक्या गोदीत, म्हणजे पाणी उपसून तळ उघडा करता येतो अशा गोदीत, न्यावीच लागते. त्या काळात कमाई बंद, पगार चालू, वर ओढून नेण्याचा आणि विम्याचा खर्च. ‘किंग’सारख्या बोटीला तर आधी सॅक्रामेंटोच्या टॉवर ब्रिजचा उचलता भाग वर घ्यायला लावून नदी उतरून जावं लागतं. म्हणून पहिल्या जेवणाच्या बिलापासूनच एक ठरावीक हिस्सा वेगळ्या खात्यात, तळाच्या नावाने, पडत राहायला हवा आणि बाकीच्या अडचणींत त्याला हात लावता येऊ नये अशी अट करारातच हवी. घाट किंवा काठ भाड्याने देणाऱ्या शहरानेही भाड्याबरोबर दर काही वर्षांनी पत्र्याच्या जाडीचा अहवाल मागायला हवा. ‘अॅडमिरल’च्या अपघाताने दाखवलं तसं, कायमच्या बांधलेल्या बोटीकडे कोण पाहतं हा प्रश्न कागदावर नीट सोडवला नाही तर तो पुराच्या रात्री सुटतो.

‘क्वीन’ची आठवण इथे येतेच. 2008 मध्ये तिची सवलत संपली आणि प्रवास थांबला. 2009 पासून काही वर्षं तीही टेनेसीतल्या चॅटनूगाला बांधलेलं हॉटेल झाली, मग 2015 मध्ये लुइझियानातल्या हौमाला नेण्यात आली. 2018 मध्ये अमेरिकी संसदेने तिला पुन्हा सवलत दिली. तिच्याकडे 1927 चं यंत्र आहे, चाक आहे, आता कायदाही आड येत नाही. पण ती अजून प्रवासाला निघालेली नाही. तिकडे सॅक्रामेंटोला यंत्र नसलेल्या ‘किंग’वर आजही संध्याकाळी टेबलं लागतात.